ग्रेव्हनहर्स्टचं घर आणि नागपूरचे डॉक्टर

टोरोंटोहून नागपूरच्या महाल भागातल्या घरी आलं की पहिले चार दिवस झोपेचा पत्ता नसतो. रात्री दोनला डोळे टक्क उघडे, आणि दुपारी अंगणात ऊन खात बसलं की पेंग. तशाच एका दुपारी काका समोर आंबिया बहाराची संत्री सोलत बसले होते. काकांची सगळी हयात ऑपरेशन थिएटरात ब्रदर म्हणून गेली. त्यांनी विचारलं, "मंग, यंदा काय पाहिलंस तिकडं?" नायगारा त्यांना माझ्याकडून ऐकून ऐकून पाठ झालाय. मी म्हटलं, "एका डॉक्टरचं घर पाहिलं."

टोरोंटोच्या उत्तरेला गाडीने दोनेक तासांवर ग्रेव्हनहर्स्ट नावाचं छोटं गाव आहे. तळी, पाईन, देवदार, उन्हाळ्यात होड्यांची गर्दी. तिथल्या चर्चने आपल्या पाद्र्यासाठी १८८० मध्ये बांधलेलं दुमजली लाकडी घर आज राष्ट्रीय स्मारक आहे, कारण मार्च १८९० मध्ये तिथे नॉर्मन बेथून जन्मले. कॅनडा सरकारने १९७३ मध्ये ते विकत घेतलं आणि १८९० च्या सुमाराचं रूप परत देऊन १९७६ मध्ये लोकांसाठी उघडलं. पाद्र्याचं साधं घर. दोरीपलीकडून खोल्या पाहायच्या, अरुंद जिना चढायचा. माझ्या पुढे एक चिनी कुटुंब होतं. त्यांतल्या आजी प्रत्येक खोलीच्या दारात क्षणभर थांबत होत्या, आपण देवघरासमोर थांबतो ना, तशा. चीनमधल्या पोरापोराला हे नाव ठाऊक असतं.

बेथून डॉक्टरकी शिकत असतानाच १९१४ चं महायुद्ध पेटलं. शिक्षण सोडून ते स्ट्रेचर वाहायला गेले, बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत जखमी झाले, परत येऊन १९१६ मध्ये डॉक्टर झाले आणि पुन्हा ब्रिटिश नौदलात सर्जन अधिकारी म्हणून रुजू झाले. पुढे क्षयाने गाठलं. बाधित फुप्फुसाभोवती हवा भरून त्याला विश्रांती देण्याचा उपचार त्यांनी स्वतःवर हट्टाने करून घेतला, बरे झाले आणि छातीचे सर्जन बनले. बरगड्या कापायची त्यांची कात्री मोच्याच्या हत्यारावरून सुचलेली आहे. हे सांगितल्यावर काकांनी हातातलं संत्र खाली ठेवलं.

मग यादवी युद्धातला स्पेन. १९३६ मध्ये माद्रिदला जाऊन त्यांनी गाडीतून थेट आघाडीजवळ रक्त पोचवायची व्यवस्था उभी केली. मग १९३८ मध्ये जपानशी लढणारा चीन. उत्तरेच्या डोंगरात, पडक्या देवळांत, शेतकऱ्यांच्या घरांत जखमींवर शस्त्रक्रिया. १९३९ च्या ऑक्टोबर अखेरीस असंच एक ऑपरेशन करताना बोट कापलं. हातात ग्लोव्ह्ज नव्हते. जखमेत विष भिनलं, पेनिसिलिन दवाखान्यांपर्यंत पोचायला अजून काही वर्षं होती. १२ नोव्हेंबरला ते गेले.

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आम्ही ग्लोव्ह्ज धुवायचो रे. फेकायचो नाही. उलटे करून वाळवायचे, तोंडाने हवा भरून भोक आहे का पाहायचं, गालाजवळ धरलं की बारीक हवा लागते. मग पावडर लावून, जोड्या जुळवून, ऑटोक्लेव्हला, वाफेत निर्जंतुक करायला." बोलता बोलता त्यांनी संत्र्याची रिकामी साल गालाजवळ धरून दाखवली. त्या डॉक्टरकडे धुवायलासुद्धा जोडी नव्हती, हेच त्यांच्या मनाला लागलं होतं.

खरं सांगायचं होतं ते मी यानंतर सांगितलं. बेथून चीनला गेले त्याच वर्षी, सप्टेंबर १९३८ मध्ये, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून चीनला पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत आहेत. बेथून गेल्यावर त्यांच्या नावाने चाललेल्या इस्पितळाची जबाबदारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तेही तिथेच गेले. दोघांची कधी भेट झाली नाही, पण समाध्या चीनमधल्या शीजियाझुआंग शहरात एकाच स्मशानभूमीत आहेत. त्या पाचांत अटल होते, बसू होते, मुखर्जी होते. आणि पाचवे डॉ. चोळकर, आपल्या नागपूरचे.

"नागपूरचे?" काका ताठ बसले. "असं कसं बाप्पा? मला कसं माहीत नाही?"

मलाही माहीत नव्हतं. महालात वाढलो, इथल्याच शाळेत शिकलो, कोटणीसांची गोष्ट तोंडपाठ, आणि चोळकरांचं नाव मला कळलं ते बारा हजार किलोमीटरवर, बेथूनांच्या घरून परतल्यावर रात्री जागून वाचताना. पथकातले ते वयाने वडील. कोटणीस तिथेच गेले, हे परत आले, म्हणून गोष्टीतून निसटले असावेत असं मला वाटतं. पण त्या वयात, नागपुरातली बसलेली घडी मोडून, युद्ध चालू असलेल्या परक्या देशात जाणं ही केवढी गोष्ट आहे! आल्यापासून मी याच विचारात आहे.

संध्याकाळी काकांनी कपाटातून जुनी डायरी काढली, चष्मा लावला आणि म्हणाले, "सांग, मी लिहितो. साल सांग, पाचही नावं सांग." चोळकरांचं नाव त्यांनी सगळ्यात वर लिहिलं. उद्या सकाळी त्यांच्या फिरायच्या मंडळींत जायचं ठरलंय, त्यांत दोघे नव्वदीचे आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या घरी चोळकर डॉक्टरांची आठवण, फोटो, एखादं पत्र असेल तर मला कळवा. मी पंधरा जानेवारीपर्यंत महालातच आहे.