ती नजर कोणाची?

मी सिनेमांचे ट्रेलर एडिट करते. या वेळी निर्मात्यांची मागणी एका वाक्याची होती. "ताई, कट वाढवा, लोकांचा श्वास अडकला पाहिजे." थ्रिलरचा ट्रेलर म्हटला की हे ऐकायला मिळतंच. थिएटरात दाखवायच्या ट्रेलरला सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं आणि आमचा ट्रेलर दुसऱ्या दिवशी तिकडे जायचा होता. त्यामुळे अंधेरीच्या एडिट रूममध्ये सकाळपासून निर्माते, दिग्दर्शिका, माझा सहायक आणि मी असे चौघं ठाण मांडून बसलो होतो.

पिक्चर कोकणातल्या एका जुन्या घरात घडतो. मुंबईहून घर विकायला आलेली बाई, गावात राहणारा तिचा मामेभाऊ, मागे विहीर आणि पोफळीची बाग. कॅमेरामनने घरातले बहुतेक शॉट 24 एमएमच्या वाइड, म्हणजे खूप जागा एकदम दाखवणाऱ्या लेन्सवर, ट्रायपॉडवरून, कॅमेरा जराही न हलवता घेतलेले. बाई फ्रेमच्या एका कोपऱ्यात, लहानशी. बाकी सगळी फ्रेम रिकामी आणि तिच्या पाठीमागे ओटीवरून माजघरात जाणारं उघडं दार. अशा शॉटमध्ये प्रेक्षक आधी माणसाकडे बघतो, मग त्याची नजर त्या दाराकडे सरकते आणि तिथेच अडकून राहते. पण नजरेला तिथे पोहोचायला वेळ द्यावा लागतो. शॉट दीड सेकंदात कापला तर फक्त बाई दिसते. दार दिसायच्या आत पुढचा शॉट आलेला असतो.

सहायकाने रात्रभर बसून रफ कट, म्हणजे ट्रेलरचा पहिला कच्चा आराखडा, बांधला होता. मुलाचा हात चांगला आहे, लय पक्की होती. मी माझ्या सवयीप्रमाणे आवाज बंद करून बघितला. संगीत काढून घेतल्यावर जे उरतं तेवढंच कॅमेऱ्याचं असतं आणि इथे फार काही उरत नव्हतं. शिवाय स्थिर शॉटमध्ये हालचाल हवी म्हणून ते सॉफ्टवेअरमध्ये हळूहळू मोठे केले होते. 4के मध्ये, म्हणजे जास्त बारकावे असलेल्या मोठ्या चित्रात शूट झालं की जागा मिळते, म्हणून हल्ली सगळेच करतात. मला ते पटत नाही. ट्रॉलीवरचा कॅमेरा खरोखर पुढे जातो तेव्हा जवळचा खांब आणि लांबचं दार यांच्यातलं नातं बदलतं, खांब बाजूला सरकतो, दार उलगडतं, आपण आत शिरतोय असं अंगाला जाणवतं. चित्र नुसतं मोठं केल्यावर खांब आणि दार एकाच मापाने फुगतात. आत कोणीच शिरत नाही. मी ते सगळे शॉट पुन्हा मूळ मापावर आणले आणि प्रत्येकाला चार-पाच सेकंद दिले.

निर्माते अस्वस्थ झाले. तेव्हा मी त्यांना दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकच्या 1980 च्या 'द शायनिंग' या भयपटाचा टीझर लावून दाखवला. पूर्ण टीझरमध्ये एकच शॉट आहे. समोर लिफ्टची बंद दारं, कॅमेरा जागचा हलत नाही, वर नावं सरकतायत आणि मग दाराच्या फटीतून रक्ताचा लोंढा येतो. एकही कट नाही. ते पाहून म्हणाले, "बरं, पुढे दाखवा."

पुढे मला एक शॉट सापडला होता. लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, पोफळींच्या आडून घेतलेला. पुढे धूसर झावळ्या, मधल्या फटीत विहिरीवर पाणी काढणारी बाई. कॅमेरा खांद्यावर होता, त्यामुळे फ्रेम श्वास घेतल्यासारखी जराशी हलते. पिक्चरमध्ये यानंतर लगेच रिव्हर्स, म्हणजे बघणाऱ्याला दाखवणारा उलट बाजूचा शॉट येतो. बागेत मामेभाऊ उभा आहे आणि काळजीने तिच्याकडे बघतोय. म्हणजे ती नजर त्याची. मी रिव्हर्स काढून टाकला. आधीचे सगळे शॉट ट्रायपॉडवरचे, म्हणजे कोणाचेच नसलेले. त्यांच्यामागून अचानक हा श्वास घेणारा शॉट आला की झावळ्यांआड कोणीतरी आहे हे कळतं. कोण, ते कळत नाही. मी तो सात सेकंद ठेवला. शेवटी बाई रहाट थांबवते, मान वळवते आणि थेट लेन्समध्ये बघते. तिथे कापलं.

आवाज बंदच होता. निर्माते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "कोण आहे तिथे?"

दिग्दर्शिका मात्र गप्प झाली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, लोक भावाला खुनी समजतील. पिक्चर बघून बाहेर पडताना त्यांना फसवल्यासारखं वाटेल." तिचं म्हणणं रास्त होतं. सहायकाच्या कटमध्ये त्या शॉटला लागूनच भावाच्या हातातला कोयता होता, तोही एक्स्ट्रीम क्लोज-अप. पिक्चरमध्ये त्या कोयत्याने तो शहाळं सोलतो. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हने शंभर वर्षांपूर्वी हेच दाखवून दिलं होतं. नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाटीशेजारी लावला की भुकेला वाटतो, शवपेटीशेजारी लावला की दुःखी. नजरेशेजारी कोयता ठेवला की आपण खुनाचा आरोप केलेला असतो, आणि हा आरोप खोटा होता. प्रेक्षकाला प्रश्न पडू द्यावा, चुकीचं उत्तर त्याच्या हातात देऊ नये, असं मला अगदी मनापासून वाटतं. तिकीट काढणारा माणूस आमच्या शब्दावर येतो. कोयता मी ट्रेलरच्या सुरुवातीला नेला, शहाळ्यासकट, मिड शॉटमध्ये. नजर बेवारस राहिली.

मग बाकीचं त्याच सूत्राने झपाझप लागत गेलं. कडीवरचा हात, तिचा चेहरा, आणि खोली नाहीच. पायऱ्यांवरून वर बघणारी ती, आणि माळा नाहीच. तिला काय दिसलं ते पिक्चरसाठी राखून ठेवायचं. शेवटचे वेगवान शॉट निर्मात्यांना हवे होते, ते मी आनंदाने दिले. तिथे आठ-आठ फ्रेमचे, म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या भागाएवढे तुकडे चालतात, कारण तोवर प्रेक्षकाला प्रत्येक फ्रेमच्या कडा तपासायची सवय लागलेली असते.

ट्रेलर लॉक करून, म्हणजे चित्रातले बदल थांबवून, आवाजासाठी पाठवला. दिग्दर्शिका जाता जाता दारात थांबली. पिक्चरच्या आवाजाचं अंतिम मिक्स अजून व्हायचं होतं, म्हणजे बदलाला जागा होती. तिने तिथूनच पिक्चरच्या एडिटरला फोन लावला आणि विहिरीच्या सीनमधला भावाचा रिव्हर्स तिथून काढायला सांगितलं. आता तो दोन सीन उशिरा येतो, बाई जेवायला बसल्यावर, बागेत आपणच उभे होतो हे भाऊ स्वतःच्या तोंडाने सांगतो तेव्हा.