एसएमपीएसची जळलेली पिन बदलताना

जळक्या प्लास्टिकचा वास दोन दिवस येत होता. नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत सकाळी कोणीतरी पालापाचोळा पेटवतंच, म्हणून मी खिडकी लावून घेत होते. तिसऱ्या रात्री एका लग्नपत्रिकेचं काम चालू असताना कॉम्प्युटर एकदम बंद पडला. झाकण उघडलं, तर मदरबोर्डवरचा २४ पिनांचा कनेक्टर एका टोकाला तपकिरी झाला होता. लॉक दाबून, हळूहळू हलवत तो काढला. एका पिवळ्या वायरच्या भोकाचं प्लास्टिक वितळून आत ओघळलं होतं.

दुकानात दाखवलं तेव्हा नवीन एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, घ्या म्हणाले. पण बाकी सगळे व्होल्टेज व्यवस्थित येत होते. जळला होता तो फक्त जोड. एवढ्यासाठी चांगला डबा भंगारात द्यायचा, हे मला पटेना.

खालच्या मजल्यावरचे काका वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेलच्या कारखान्यात वायरिंग करायचे. निवृत्त झाले तरी त्यांचा हत्यारांचा डबा तयार असतो. त्यांनी कनेक्टर चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, "ग्राफिक्स कार्डाला वेगळी वायर आहे का गं?"

"नाही काका. नुसतं स्लॉटमध्ये बसवलंय."

"मग बरोबर. त्याचा सगळा भार इथूनच जातो."

असं कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून ७५ वॉटपर्यंत वीज घेऊ शकतं. त्यातली बहुतेक १२ व्होल्टवर, म्हणजे साडेपाच अँपियरपर्यंत. ती येते १० आणि ११ नंबरच्या दोन पिवळ्या वायरींतून. त्यांतली एक पिन सैल झाली, तर भार दुसरीवर जातो. काकांनी कागदावर गणित मांडलं: जोडाचा रोध ०.०५ ओहम आणि करंट ५ अँपियर धरला, तर ५ गुणिले ५ गुणिले ०.०५, म्हणजे सव्वा वॉट उष्णता. ऐकायला कमी वाटते, पण ती जेमतेम काही मिलिमीटरच्या पत्र्यात, चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये कोंडलेली असते. पिन तापली की तिचं स्प्रिंगपण जातं, पकड आणखी सुटते, रोध वाढतो आणि ती आणखी तापते. माझ्याकडे हेच झालं होतं.

मी विचारलं, सरळ सोल्डर केलं तर? काका जवळजवळ रागावले. "क्रिम्पच्या, म्हणजे पत्रा आवळून केलेल्या जोडाच्या जागी कथील घालायचं नाही. कथील मऊ, दाबाखाली ते हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते. शिवाय सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होऊन तुटते. तांब्यावर पत्रा नीट आवळला की त्याच्यासारखा जोड नाही."

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेले. ठाण्याहून फास्ट लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड. कनेक्टरचा फोटो नेला होता, तरी पहिल्या दुकानात दुसऱ्याच मापाच्या पिना हातात ठेवल्या. दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर ४.२ मिलिमीटर आहे, हे सांगितल्यावर मिनी-फिट जातीच्या योग्य फीमेल पिना, म्हणजे समोरची पिन आत घेणाऱ्या, मिळाल्या. सोबत २४ भोकांचं नवं हाउसिंग, म्हणजे पिना बसतात ते प्लास्टिकचं घर, आणि रॅचेटवालं, म्हणजे पुरेसा दाब बसेपर्यंत न सुटणारं, क्रिम्पिंग प्लायर घेतलं.

सरावासाठी वायर घेताना मात्र गोंधळ झाला. एसएमपीएसच्या वायरीवर १८ एडब्ल्यूजी, म्हणजे अमेरिकन गेजमधली जाडी, छापलेलं असतं. ती ०.८२ चौरस मिलिमीटरची. आपल्याकडे काही दुकानदार गेज म्हटलं की ब्रिटिश एसडब्ल्यूजी धरतात, आणि त्यातली १८ नंबरची तार सुमारे १.१७ चौरस मिलिमीटरची, म्हणजे चांगलीच जाड. मी "१८ गेज" एवढंच बोलले आणि जाड वायर घेऊन घरी आले. पिनेच्या पाकळ्या तिच्याभोवती पुऱ्या मिटेनात. शेवटी भंगारवाल्याकडून मेलेला एसएमपीएस आणून त्याच्याच वायरी कापल्या. डबा मात्र उघडला नाही. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोक्याचा चार्ज उरू शकतो.

या पिनेला मागे पाकळ्यांच्या दोन जोड्या असतात. पुढची जोडी उघड्या तांब्याला धरते, मागची वायरच्या प्लास्टिकला. दोघींची कामं वेगळी आणि ती मिसळली की जोड बिघडतो. माझ्या पहिल्या पिनेत प्लास्टिक पुढच्या पाकळ्यांखाली गेलं. बाहेरून घट्ट दिसत होती, ओढली तशी वायर हातात आली. दुसरीत पिन प्लायरमध्ये फार आत सरकवली आणि तिचं पुढचं तोंडच चेपलं. तिसरीत मागच्या पाकळ्या इतक्या फुगल्या की पिन हाउसिंगच्या भोकात शिरेना. चौथी केळ्यासारखी वाकली. मी रडकुंडीला आले होते. काका म्हणाले, "थांब. आधी चिमट्याने मागच्या पाकळ्या थोड्या जवळ घे. पिन वायरला धरून राहील, मग प्लायरमध्ये घाल."

त्या एका सूचनेने हाताला वळण लागलं. वायरची साल तीन ते चार मिलिमीटरच काढायची, एकही तार तुटू द्यायची नाही. पाकळ्या अर्ध्या मिटवायच्या, प्लायरच्या खाचेत पिन सरळ ठेवायची आणि रॅचेट स्वतः सुटेपर्यंत दाब सोडायचा नाही. नीट झालेल्या क्रिम्पमध्ये पुढच्या दोन पाकळ्या वळून तांब्यात शिरलेल्या दिसतात आणि त्यांच्यापुढे तांब्याची टोकं किंचित डोकावतात. वीस पिना झाल्यावर त्यांतल्या शेवटच्या सहा काकांनी पक्कडीने ओढून पाहिल्या. एकही सुटली नाही. मगच खऱ्या वायरीला हात लावायची परवानगी मिळाली.

कॉम्प्युटरचा प्लग काढला, एसएमपीएस बाहेर घेतला. जुन्या हाउसिंगमधून पिन काढायला त्यासाठीचं हत्यार मिळतं. माझ्याकडे नव्हतं, म्हणून स्टेपलरच्या दोन सरळ केलेल्या पिना वापरल्या. पिनेच्या दोन्ही बाजूंना बारीक जिभा असतात, त्या प्लास्टिकमध्ये अडकलेल्या असतात. वायर आधी आत ढकलायची, म्हणजे जिभांवरचा ताण जातो. मग समोरून दोन्ही बाजूंनी स्टेपलरच्या पिना घालून जिभा दाबायच्या आणि वायर मागे घ्यायची. नुसतं ओढत बसलं तर काही होत नाही.

सगळ्या वायरी एकदम काढायच्या नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. जुनं आणि नवं हाउसिंग एकाच दिशेने शेजारी ठेवलं. काही भोकं चौकोनी, काहींचे कोपरे कापलेले. तो नमुना जुळवला आणि एक वायर काढून लगेच नव्यात बसवत गेले. बसवण्याआधी प्रत्येक पिनेच्या दबलेल्या जिभा सुईने बाहेर काढल्या, नाहीतर ती आत टिकत नाही. १३ नंबरच्या नारिंगी वायरसोबत त्याच पिनेत एक बारीक वायर होती. ती ३.३ व्होल्ट मोजून एसएमपीएसला कळवते. ती जोडी तशीच नेली. २० नंबरचं भोक रिकामंच राहतं. ते पाहून माझी एखादी वायर सुटली की काय म्हणून क्षणभर पोटात गोळा आला होता.

जळलेल्या वायरचं तांबं आतपर्यंत काळं झालं होतं. लखलखीत तांबं दिसेपर्यंत कापत गेले, तर दोन सेंटीमीटर गेलं. केबलचा पट्टा सोडल्यावर तेवढी ढील मिळाली. तिची पिन बदललीच, शेजारच्या पिवळीचीही बदलली. तिची जुनी पिन वरवर चांगली होती, पण सुट्या मेल पिनेवर सरकवली तर स्वतःच्या वजनाने खाली पडली. नवी ओढावी लागत होती.

मदरबोर्डवरच्या पिनाही टॉर्च लावून पाहिल्या. एक थोडी निस्तेज होती, पण खडबडीत किंवा काळी नव्हती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. ती जळलेली असती, तर माझ्या नव्या पिनेचंही तेच झालं असतं.

आधी मदरबोर्डला न जोडता तपासलं. एसएमपीएस चालू करून हिरवी वायर आणि शेजारची काळी एका तारेने जोडली, पंखा फिरला. मल्टिमीटरवर १२.१, ५.०५, ३.३२. पाच टक्क्यांची मर्यादा धरली तर १२ व्होल्टला ११.४ ते १२.६ चालतं.

रात्री तीच लग्नपत्रिका उघडली. तासाभराने काका वर आले, टेबलाखाली वाकले आणि कनेक्टरला बोट लावून बराच वेळ तसेच थांबले. मग उठले आणि विचारलं, "उरलेल्या पिना कुठे ठेवल्यास?" मी डबी दाखवली. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि झाकणावर लिहिलं: ४.२ मिमी, फीमेल, १८ एडब्ल्यूजी. शेवटच्या शब्दाखाली दोनदा रेघ मारली.