लेसोथोतलं स्थलांतर मोजायचं कसं?

लेसोथो या छोट्या देशाच्या चारही बाजूंना दक्षिण आफ्रिकाच आहे. त्यामुळे इथल्या स्थलांतराचा अभ्यास करणारा आधी राजधानी मासेरूजवळच्या सरहद्दीवरच्या पुलावरच्या नाक्याचे आकडे मागवतो आणि तिथेच फसतो. ते आकडे माणसांचे नसतात, फेऱ्यांचे असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लूमफाँटेनला घरकाम करून दर महिन्याला घरी येणारी एकच बाई जाता-येता वर्षात चोवीसदा नोंदली जाते. सरहद्दीवरच्या कॅलेडन नदीला पाणी नसताना पात्रातून पायी गेलेला माणूस मात्र एकदाही नाही.

पूर्वी हे सोपं होतं. पुरुष कंत्राटावर दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत जात आणि भरती कंपनीच्या वहीत प्रत्येकाची नोंद असे. १९७४च्या कायद्याने तर पगाराचा ६० टक्के भाग लेसोथोतल्या बँकेत अडकवून ठेवला जाई, म्हणजे पैशाचाही हिशेब हातात. १९९०च्या आसपास असे सव्वा लाखाच्या घरात खाणकामगार होते. मग सोन्याचे भाव पडले, कपात झाली आणि २०१०पर्यंत हा आकडा पन्नास हजारांच्याही खाली आला.

म्हणून स्थलांतर थांबलं, असं काही अहवाल सुचवतात. माझ्या मते थांबली ती वही. आता बायका निघाल्या. काही जोहान्सबर्गला घरकामाला, काही हंगामापुरत्या सरहद्दीपलीकडच्या फिक्सबर्गकडच्या शतावरीच्या मळ्यांत. डोंगराळ भागातल्या मुली देशातल्याच मासेरू आणि मापुत्सो या शहरांतल्या कपड्यांच्या कारखान्यांत येतात आणि एकेका खोलीच्या भाड्याच्या चाळींत राहतात. सरहद्द न ओलांडल्यामुळे त्या परदेशी स्थलांतराच्या हिशेबात येतच नाहीत.

तेव्हा घरोघरी जाऊन विचारावं: या घरचं कोण बाहेर आहे, कधीपासून, काय काम करतं, शेवटचं कधी आलं होतं? 'बाहेर' म्हणजे किती महिने, हे आधीच ठरवावं. नाहीतर दहा वर्षं न फिरकलेला मुलगा आई घरातलाच म्हणून सांगते. डिसेंबरात पाहणी करू नये. नाताळात खाणी बंद असतात, सगळे घरी असतात. कुलूपबंद घरांची चौकशी शेजाऱ्यांकडे करावी, कारण अख्खं कुटुंब गेलं असेल तर उत्तर द्यायला कोणीच उरत नाही.

पैशांचं विचारताना बँकेपाशी थांबू नये. टॅक्सीवाल्याच्या हाती दिलेली रोकड, मक्याच्या पिठाची पोती, ब्लँकेटं, शाळेची परस्पर भरलेली फी, सगळं लिहून घ्यावं. आणि दक्षिण आफ्रिकेने लेसोथोच्या नागरिकांना २०१६पासून दिलेल्या, तिथे राहण्याच्या खास परवान्यांवरून एकूण संख्या काढू नये. ज्यांच्याकडे कागद नाहीत, ते त्या यादीत नाहीत.