‘वंश’ नावाचा रकाना

वैद्यकीय संशोधनाची आकडेवारी तपासणं हे माझं काम. अमेरिकेतला अभ्यास असला की पहिल्याच तक्त्यात वय, लिंग, वजन आणि त्याखाली ‘वंश’. मग निष्कर्ष येतो की कृष्णवर्णीयांना अमुक आजाराचा धोका जास्त, आणि वाचणारा परस्पर धरून चालतो की ते त्यांच्या रक्तातच असणार. याची मला मनापासून चीड येते.

१९९७ साली डेव्हिड आणि कॉलिन्स यांनी इलिनॉय राज्यातल्या बाळांची जन्मवजनं तपासली. गोऱ्या आयांच्या बाळांचं सरासरी वजन ३४४६ ग्रॅम, आफ्रिकेतून आलेल्या आयांच्या बाळांचं ३३३३, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या कृष्णवर्णीय आयांच्या बाळांचं ३०८९. दोष जनुकांचा असता, तर आफ्रिकेतून आलेल्यांची बाळं सर्वांत हलकी भरायला हवी होती. ती तर गोऱ्यांच्या बाळांच्या जवळ होती! पुढे याच संशोधकांनी पुढची पिढीही पाहिली. बाहेरून आलेल्या कृष्णवर्णीय बायकांच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलींना झालेल्या बाळांचं वजन घटलेलं दिसलं. एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. बदललं ते जगणं.

किडनीचं सूत्र तर याहून वाईट. स्नायूंतून रक्तात येणाऱ्या क्रिएटिनिनवरून किडनी किती काम करते याचा अंदाज ते देतं; आकडा जितका कमी, तितकी किडनी खराब. १९९९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला १.१८ ने गुणायचं, कारण त्यांचे स्नायू जास्त भरतात असं गृहीत धरलं होतं. आता हिशोब करा. मूळ उत्तर १८ आलं, तर गुणल्यावर ते २१ च्या वर जातं. प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत वेळ मोजायला सुरुवात होते २० किंवा त्याखाली. म्हणजे तितकीच खराब किडनी असलेला गोरा माणूस रांगेत, आणि हा बाहेर. २०२१ मध्ये वंश वगळलेलं सूत्र आलं, आणि २०२३ पासून अशा रुग्णांचा हुकलेला वेळ परत जोडून देणं प्रत्यारोपण केंद्रांना बंधनकारक झालं. मधल्या काळात जे गेले, त्यांचं काय?

तरी गटांची तुलना थांबवा असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये ती केली म्हणूनच कळलं की पल्स ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात खूप खाली गेलेला असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आणि गोऱ्यांत ३.६ टक्के होतं. तिथे चूक यंत्राची होती, आणि ती तुलनेनेच पकडली.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येक मसुद्यावर मी विचारते: हा रकाना रुग्णाने स्वतः भरला, की नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाने चेहरा पाहून? उत्पन्न, वस्ती, विमा यांचे रकाने कुठे आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक संशोधकांकडे नसतंच.