बेळगाव ते बेल्जियम, मध्ये आखेन

माझ्या व्हिसाच्या फाईलप्रमाणे माझा जन्म दोन गावांत झालाय. जन्मदाखला कानडीत, त्याचं भाषांतर करून घेतलं त्यात बेळगावी, आणि पासपोर्टवर जुनं इंग्रजी स्पेलिंग, बेलगाम. २०१४ च्या १ नोव्हेंबरला नाव बदललं ते आम्हाला पाठ आहे, पण मी एक सेमिस्टर शिकायला गेले त्या जर्मनीतल्या आखेनच्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंना कसं पाठ असणार? त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, नक्की कुठलं? मी म्हटलं एकच गाव आहे, आणि खरं सांगायचं तर आम्ही घरी तिसरंच म्हणतो, बेळगाव. मला वाटलं आता परत पाठवणार, तर बाई हसायलाच लागल्या, म्हणे आमचंही तेच, इथे आखेन, दहा मिनिटांवर हॉलंड आहे तिथे आकेन, आणि बेल्जियमच्या हायवेवर पाटी वाचलीस तर एक्स-ला-शापेल, नवीन माणूस बिचारा आखेन शोधत पुढे निघून जातो. शिक्का मारला. एका मिनिटात काम झालं. इकडे हेच काम दोन स्पेलिंगमुळे तीन आठवडे अडलेलं, कुठे ते सांगत नाही.

आज्जीला मात्र शेवटपर्यंत पटलं नाही की मी लांब गेलेय. तिला कुणीतरी बेल्जियम सांगितलेलं, त्यामुळे ती शेजारणीला सांगत होती, पोरगी बेळगावातनं बेळगावातच गेलीया की, येईल संध्याकाळी.

तर झालं असं की मी बेळगावातल्या वडगावातली, घरी माग, शाळा मराठी, गल्ली निम्मी कानडी, आणि बारावीनंतर सगळे इंजिनिअरिंगला जात असताना मी पुण्याला जर्मन शिकायला गेले. घरी पहिला प्रश्न, गाईड होणार काय? दुसरा, कॉल सेंटर? एमएला आल्यावर नुसती भाषा राहिली नाही, युरोपचा समाज, राजकारण, युरोपियन युनियन कशी चालते, सगळं आलं आणि त्यातच एक सेमिस्टर बाहेर जायची संधी.

भाषेचं म्हणाल तर मराठी माणसाला जर्मन फार परकी नाही, हे कुणी आधी सांगत का नाही काय की. क्लासमध्ये हिंदीवाले तीन लिंगं बघून रडायचे, आम्हाला तो-ती-ते जन्मापासून आहे. मुलगी म्हणजे मेडशेन ही जर्मनमध्ये नपुंसकलिंगी, सगळ्यांना धक्का, आणि मी मनात म्हटलं त्यात काय, आमच्याकडे पण 'ते पोरगं' असतंच. अडचण वेगळीच, लिंगं तीन असली तरी वाटणी वेगळी. आमचा सूर्य तो, त्यांची सूर्य ती. आमचं टेबल ते, त्यांचा टेबल तो. माझ्या रूममेटला, ती हुबळीची, हे जास्त जड गेलं कारण कानडीत माणूस सोडला की टेबल, खुर्ची, चमचा सगळं एकाच डब्यात. पण 'कारण' आलं की क्रियापद वाक्याच्या शेवटी फेकायचं, ते मात्र आम्हा दोघींना पहिल्या दिवशी जमलं. 'कारण मी आजारी आहे', आहे शेवटी. आपण रोज हेच करतो.

पैशाचं थोडक्यात सांगते, इनबॉक्समध्ये तेच विचारतात. जर्मनीला महिन्याला ९९२ युरो या हिशोबानं रक्कम आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरून दाखवायची (मी गेले तेव्हाचा आकडा, बदलतो, बघून घ्या), सहा महिन्यांचे ५,९५२. म्हणजे पाच लाखांच्या वर. ते पैसे आपलेच असतात, दर महिन्याला तेवढे तेवढे परत मिळतात, पण आधी एकरकमी उभे करायचे. बाबांनी सोसायटीतनं उचलले. आणि क्रेडिट्सचं म्हणजे एका सेमिस्टरला ३०, एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तास अभ्यास धरतात, वर्गात बसणं कमी आणि वाचून येणं जास्त. जायच्या आधी कुठले विषय घेणार त्याच्यावर दोन्हीकडच्या सह्या होतात, माझ्याही झालेल्या, तरी परत आल्यावर दोन पेपर 'जुळत नाहीत' म्हणून लटकले. अजून लटकलेलेच आहेत. प्रत्येक ईमेल जपून ठेवा, एवढंच सांगेन.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. आखेनमधून बसनं पाऊण तासात ऑयपेन लागतं. गाव बेल्जियममध्ये, बोलणं जर्मन. पहिल्या महायुद्धापर्यंत तो मुलूख प्रशियाचा म्हणजे जर्मनीचा, व्हर्सायच्या तहात बेल्जियमला गेला, १९४० ला हिटलरनं परत ओढून घेतला, युद्ध संपल्यावर परत बेल्जियम. लोकांना कुणी धड विचारलं नाही. हे ऐकताना मला १९५६ आठवणारच ना, बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूरला गेलं ते, आमच्या आजोबांनी पण झोपेतनं उठून राज्य बदललेलं बघितलं. फरक पुढे आहे. तिथे जर्मन बोलणारा भाग जेमतेम ऐंशी हजार लोकांचा, बेळगावच्या दोन-चार उपनगरांएवढा, आणि त्यांना स्वतःची संसद आहे, २५ सदस्यांची. शाळा त्यांच्या हातात. मी त्या इमारतीसमोर उभी राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला तर काकांचा रिप्लाय, आमच्यात विधानसौध आहे की, त्याच्यापेक्षा मोठं.

पण म्हणून तिकडे सगळं गोडीगुलाबीनं चाललंय असं समजू नका. त्याच बेल्जियममध्ये डच आणि फ्रेंचवाल्यांनी १९६२ च्या कायद्यानं भाषेची रेघ मारून घेतली, तरी काही गावांत पाटीवरचं दुसऱ्या भाषेतलं नाव आजही काळं फासलेलं दिसतं. डच भागातल्या लुवेनच्या जुन्या विद्यापीठात डच पोरांनी फ्रेंचवाले बाहेर अशा घोषणा दिल्या, १९६८ ला त्यावरून सरकार पडलं, विद्यापीठाचे दोन तुकडे झाले आणि फ्रेंचवाल्यांसाठी रेघेच्या पलीकडे नवीन गावच वसवलं. लायब्ररीची पुस्तकं सम नंबरची एकाला, विषम दुसऱ्याला अशी वाटली म्हणतात. आखेनचे सर हे सांगत होते तेव्हा वर्ग हसत होता. मी नाही हसले. आमच्या शेजारच्या येळ्ळूर गावात 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या बोर्डाचं काय झालं ते मी शाळेत असताना बघितलंय.

सेमिनारमध्ये मी बेळगावच घेतलं. १९५६, मग सीमाप्रश्नावरचा १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला महाराष्ट्राचा दावा. एका पोलिश मुलीनं विचारलं, मग पाट्या दोन्ही भाषेत का नाही लावत? इतक्या साधेपणानं विचारलं की मला उत्तरच सुचेना. शेवटी म्हटलं, आमच्यात दुकानात गेलं की मी मराठीत विचारते, तो कानडीत भाव सांगतो, पैसे हिंदीत मोजतो, कुणाला काही अडत नाही, अडतं ते पाटीवर. सरांनी लिहून घेतलं ते. घरी चार भाषा बोलतो याला आम्ही कधी शिक्षण समजलोच नाही, फॉर्मवर 'येणाऱ्या भाषा'मध्ये मी कानडी लिहायचीच विसरलेले, सरांनी लिहायला लावलं.

ऑयपेन काय आणि आखेन काय, दोन्ही लोकरीच्या कापडाची जुनी गावं. हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. आखेनला जुन्या यंत्रांचं म्युझियम आहे, तिथे एका रविवारी (दुकानं सगळी बंद, करायचं काय) गेले, तर निवृत्त आजोबा माग चालवून दाखवत होते. आवाज आला आणि पाय थांबले, आमच्या गल्लीत दुपारी तोच आवाज असतो. त्यांनी नावं सांगितली. ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, केटे म्हणजे साखळी, बाण्याला, आडव्या धाग्याला, शुस म्हणजे गोळी झाडावी तसं काहीतरी, आणि तो आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला शिफ्शेन, छोटी होडी. जर्मनची सी-वन ही वरची परीक्षा पास झालेली मी, यातला एक शब्द माहीत नव्हता. आमच्या वडगावात धोट्याला लाळी पण म्हणतात, कानडी. आजोबांना ते सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, लाली, लाली.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. चष्मा लावून, फोन डोळ्याला चिकटवून बघत बसले, हाय नाही हॅलो नाही. मग म्हणाले, त्यांना सांग, डाव्या अंगाला ताणा ढिला हाय. मी म्हटलं बाबा ते म्युझियम आहे हो. तर म्हणे म्हणून काय झालं, कापड येडंवाकडं येतंय की.

सांगितलं मग. आजोबांनी माग बंद केला, वाकून डाव्या बाजूला हात फिरवला, आणि खिशातनं पाना काढला.