वावराचे तुकडे पाडा, मग पीक ठरवा

आपल्याकडे एकाच गटात वरच्या अंगाला बरड, म्हणजे उथळ मुरमाड, आणि नाल्याकडे काळी जमीन सर्रास असते. तरी पेरा सगळीकडे एकच. नकाशा काढायचा तो हे तुकडे वेगळे करायला.

महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन जमीन-नकाशावरची हद्द प्रत्यक्ष धुऱ्यापासून सरकलेली असू शकते. मोबाइलचे जीपीएस लावून धुऱ्याने फेरी मारा आणि ती रेघ क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. क्षेत्र मोजण्याआधी यूटीएम झोन, म्हणजे मीटरमध्ये मोजायला नकाशाचा कोणता पट्टा लागतो ते, तपासा: अकोला, बुलडाणा, वाशीमला ४३, नागपूर, वर्ध्याला ४४.

सेंटिनेल-२ या उपग्रहाची चित्रे फुकट मिळतात, एक चौकोन १० मीटरचा. जुलै-ऑगस्टात नुसते ढग, तिथे वेळ घालवू नका. सप्टेंबरात उघडीप मिळालेली चार-पाच वर्षांची चित्रे घ्या, तीही वावरात एकच पीक होते त्या वर्षांची. जिथे हिरवेपणा दरवर्षी आधी उतरतो तिथे माती उथळ असावी. पण पाणी तुंबले तरी तसेच दिसते, आणि धुऱ्यावरच्या बाभळी काठचे चौकोन हिरवे दाखवतात. म्हणून प्रत्येक तुकड्यात दोन-तीन जागी मुरूम लागेपर्यंत खोदा, खोली लिहून ठेवा.

खरा निर्णय इथून होतो. काळी माती मीटरभर खोलीला पिकाच्या कामाचे साधारण १५० ते २०० मिमी पाणी धरते. मुरूम ३० सेंमीवर लागला, तर हाती ४५ ते ६० मिमी. भर फुलोऱ्यातले सोयाबीन रोज ४-५ मिमी ओढते. दहा-बारा दिवसांत माती रिकामी, आणि पीक माना टाकते ते त्याच्याही आधी.

म्हणून पावसाची सरासरी बाजूला ठेवा, पावसातले खंड मोजा. रोजच्या आकड्यांतून १५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबरमधले २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचे सलग दिवस काढा. हवामान खात्याचा जुना डेटा पाव अंशाच्या, म्हणजे सुमारे २५ किमीच्या चौकोनांचा आहे. कुठेतरी पडलेली सर त्यात सगळीकडे भुरभुर होऊन दिसते आणि खंड खऱ्यापेक्षा छोटा वाटतो. महसूल मंडळाच्या पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहा.

दहापैकी तीन-चार वर्षे खंड दहा दिवसांवर गेला, तर बरडावर मूग किंवा जेएस ९५-६० सारखे लवकर येणारे सोयाबीन घ्या. कपाशी तिथे नकोच, बोंडे भरताना ओल उरत नाही. ती तुरीसोबत काळीत, पाणी तुंबत असेल तर रुंद वरंबा सरीवर.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनीत, मात्र खोली भरपूर असूनही हा हिशेब चुकतो, सोडियममुळे पाणी मुरत नाही. तिथे आधी माती परीक्षण, मग नकाशा.