झुला घाईत होता

प्रदर्शनांसाठी हलती मॉडेलं बनवणं हे माझं काम. या वेळी अख्खी सर्कसच होती, सोळापट लहान. आधुनिक सर्कशीचा जनक फिलिप ॲस्टली याने अठराव्या शतकात रूढ केलेलं ४२ फुटी रिंगण आमच्याकडे ८० सेंटिमीटरचं झालं होतं.

हत्ती, विदूषक, तंबू एका चित्रकर्तीने हाताने घडवले होते. शिवाय या कधीच न झालेल्या सर्कशीचा इतिहासही तिने रचला होता: मालक, त्याचं दिवाळं, चहाच्या पाण्यात बुडवून जुनी केलेली हँडबिलं. यात ती पहिली नव्हे. अमेरिकी मॉडेलकार हॉवर्ड टिबल्स यांना मॉडेलसाठी तिथल्या प्रसिद्ध रिंगलिंग सर्कशीचं नाव मिळालं नाही, तेव्हा त्यांनी सरळ ‘हॉवर्ड ब्रदर्स सर्कस’ काढली. ते अवाढव्य मॉडेल आज फ्लोरिडात सरासोटाला आहे. आमच्या थापा मला जरा खटकत होत्या, पण शेवटच्या फलकावर तिने सगळं कबूल केलं होतं. मग मी गप्प बसलो.

उद्घाटनाआधी काही लोकांना चाचणीसाठी बोलावलं. इतिहासावर कुणालाच शंका आली नाही. मालकाच्या दिवाळ्याबद्दल एकजण हळहळलासुद्धा. मग झुला सुरू झाला आणि लोक हसले. क्षणात सगळं खेळणं झालं.

“झुला घाईत आहे तुझा,” ती म्हणाली.

खरंच होतं. चार मीटर दोरीचा झुला जाऊन परत यायला चार सेकंद घेतो, पंचवीस सेंटिमीटरचा एकच. लांबी सोळापट घटली की वेळ फक्त चौपट घटतो, तरी माणसाच्या डोळ्याला चार सेकंदच हवे असतात. सिनेमावाले जास्त वेगाने चित्रण करून, ते नेहमीच्या वेगाने दाखवून ही अडचण टाळतात. आमचा प्रेक्षक समोर उभा.

दोरे काढून पोलादी तारा लावल्या, त्या टेकूच्या वर कापडाआड वाढवल्या आणि टोकाला शिसं बसवलं. संगीताचा ताल मोजणाऱ्या मेट्रोनोममध्ये असतं तसंच. शिसं केसभर वर सरकवलं की झुला संथ व्हायचा, आणखी सरकवलं की कसरतपटूसकट उलटायचा. हेलकावे लवकर मरत होते, म्हणून वर चुंबक चिकटवून शेजारी तारेचं वेटोळं ठेवलं. दर खेपेला हलकासा धक्का.

रात्री उशिरा स्टॉपवॉचवर चार सेकंद आले. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “आता घोडे फार टपटप धावतात, नाही?”

घोड्यांना सुदैवाने मोटर होती. बटण फिरवलं.